खाटेला बांधलेला दोरा

सोमवार, ९ तारीख

पूज्य भंतेंना सविनय वंदन.

इकडे सर्व ठीक. आपली व थोरल्या भंतेंची प्रकृती चांगली असेल अशी आशा करते. विहारातला फोन थोरल्या भंतेंच्या खोलीत असतो आणि दर वेळी त्यांना उठवून तुम्हाला बोलवायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. लिहायची सवय पार मोडली. वहीचं पान फाडताना कड वाकडी आली आहे, त्याबद्दल क्षमा असावी. शिंपीणबाईंना कागदही सरळ फाडता येऊ नये!

शनिवारी आपण दोघे आजारी आईला बरं वाटावं म्हणून परित्राण पाठासाठी आलात आणि पाठ न होताच परत जावं लागलं, याचं आम्हा सर्वांना फार वाईट वाटतं आहे. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि नेमकं पाठाची विनंती करायच्या वेळी मला ठसका लागला. विनंती घरातल्या थोरल्यानं तीनदा करायची असते, आणि बाबांच्या मागं या घरात थोरली मीच. दोनदा म्हणून झालं आणि घशात काय अडकलं कोण जाणे. आत गेले तर पोटातही ढवळायला लागलं. बाहेर येईपर्यंत बारा वाजून गेले होते. बारानंतर आपण अन्न घेत नाही हे ठाऊक असूनही आमच्याकडून चूक झाली. केलेला सगळा स्वयंपाक तसाच राहिला आणि आपण दोघे उपाशी गेलात. मावशी अजून हळहळते आहे.

आई बरी आहे म्हणायची. जेवण कमी झालंय, झोप तुटक आहे. डॉक्टर येऊन गेले, औषधं तीच ठेवली आहेत.

दोरा अजून तसाच आहे. बुद्धमूर्तीपासून पाण्याच्या भांड्याभोवती गुंडाळून, तुमच्या हातांतून, मग आमच्या सगळ्यांच्या हातांतून नेऊन आईच्या खाटेला बांधला होता तोच. पाठानंतर त्याचे तुकडे करून मनगटाला बांधायचे, एवढंच राहिलं होतं. आपण गेल्यावर मी कात्री घेतली, तर आई म्हणाली, "पाठाशिवाय दोरा सोडायचा नाही." त्यामुळे मधल्या खोलीत छातीएवढ्या उंचीवर आडवा दोरा, आणि आम्ही सगळे त्याखालून वाकून येतो-जातो. काल ह्यांचा चष्मा त्यात अडकला. "शिंपिणीशी लग्न केलं तेव्हाच समजायला हवं होतं," म्हणाले.

एक विनंती आहे. आईला मधेच औषधाची गुंगी आली होती; जागी झाल्यावर पाठ का राहिला म्हणून तिनं विचारलं, तेव्हा तिला त्रास नको म्हणून मी सांगितलं की थोरल्या भंतेंना अचानक बरं वाटेनासं झालं. कधी बोलणं झालं तर एवढं सांभाळून घ्यावं.

दुकानात शाळांच्या गणवेशांची गर्दी चालू आहे. मान वर करायला फुरसत नाही. बाकी काही विशेष नाही.

आपली नम्र,
घरातली थोरली


गुरुवार, १२ तारीख
दुकानातून

पूज्य भंते,

वंदन.

माझं सोमवारचं पत्र मिळालं असेल तर बाजूला ठेवा. त्यात खरं म्हणावं असं फार थोडं होतं. कड वाकडी आली होती, ते खरं. ह्यांचा चष्मा अडकला, तेही खरं. ठसका मात्र लागला नव्हता.

मशीन बंद ठेवून लिहिते आहे. समोर निळ्या चड्ड्यांचा ढीग आहे, एकेकीला नाडी ओवायची राहिली आहे. गिऱ्हाईक आलं तर मधेच उठावं लागेल. आणि एक सांगते, 'आपण' आणि 'व्हावे' करत बसले तर हे लिहून व्हायचं नाही. मधल्या मजकुरापुरतं मला 'तू' म्हणू दे. शेवटी परत भंते म्हणेन.

मंगळवारी नर्सबाई आईला इंजेक्शन द्यायला आल्या. मी आतून गरम पाणी घेऊन येत होते. त्या दोऱ्याखालून वाकता वाकता आईला म्हणाल्या, "आजी, हा दोरा काढू या ना आता. हातात सुई असते माझ्या, भीती वाटते."

"नको गं," आई म्हणाली. "माझा लेक यायचाय."

"आले होते ना परवा?"

"आला होता. पण पाठ नाही म्हटला त्यानं." मग डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. तर म्हणाली, "मीच त्याला तसं बोलले होते. घर सोडून निघाला तेव्हा. होकार दिला आणि वर म्हटलं, जातोस तर जा, माझ्या मरणालाही येऊ नकोस. भिक्षू झाला म्हणजे विसरला असेल, असं वाटलं होतं. नसेल विसरला."

"अहो, पण मोठ्या भंतेंना बरं नव्हतं ना?"

"ते ही पोरगी मला समजावायला सांगते. मला कळत नाही होय?"

मी दाराशी उभी होते. तिथंच आत जाऊन सांगायला हवं होतं. मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि टॉवेल विसरला म्हणून मागं फिरले. टॉवेल माझ्या खांद्यावरच होता.

म्हणजे बघ, मी तिला त्रास नको म्हणून खोटं बोलले, आणि त्या खोट्याच्या आड ती स्वतःलाच दोष देत पडून होती. लेकानं आपल्यासाठी पाठ म्हणायला नकार दिला, असं मनात धरून ती जाईल. आणि तो नकार तुझा नव्हताच.

आता शनिवारचं सांगते.

मी उठून आत गेले ती न्हाणीघरात. कडी लावली, नळ सोडला, आणि दुसरी बादली पालथी घालून तिच्यावर बसले. पोटात ढवळत वगैरे काही नव्हतं. ह्यांनी दार वाजवलं, "अगं, सगळे थांबलेत." म्हटलं, "आलेच." मग मावशी आली. "बाई, तुला होत नसेल तर विनंती मी करू का?" म्हटलं, "नको, आलेच." नळाखालची बादली भरली, वाहायला लागली, माझे पाय भिजले. मी नळ बंदसुद्धा केला नाही, कारण बंद केला असता तर बाहेरची शांतता ऐकू आली असती. तरी ती ऐकू येतच होती. इतकी माणसं खोलीत बसलेली आणि कुणाचा आवाज नाही. तुम्ही दोघे दोरा हातात धरून, खाली बघत बसला असाल, हे मला न बघता दिसत होतं.

विचारल्याशिवाय तुम्ही सुरू करत नाही, हे मला ठाऊक होतं. तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. कुणाच्या घरी जाऊन न मागता धर्म वाटत सुटायचं नाही, घरच्यांनी तीनदा मागावं लागतं, म्हणजे त्यांचंही मन तयार आहे हे कळतं. मला तेव्हा तो नियम फार आवडला होता. तोच मी तुझ्यावर वापरला. आणि मी नुसतं "होत नाही" म्हटलं असतं तर मावशीनं विनंती पुरी केली असती. मी तेही होऊ दिलं नाही. "आलेच" म्हणून सगळ्यांना बांधून ठेवलं.

ते 'आलेच' मी पंचशील घेतल्यावर म्हणाले, हे लक्षात आलंय का तुझ्या? खोटं बोलणार नाही, हे चौथं शील तुझ्याच मागून म्हटलं होतं, हात जोडून, खणखणीत आवाजात. नव्या कापडाची घडी मोडतात तसं ते त्याच दिवशी मोडलं. आणि त्यावर कडी म्हणजे सोमवारी एका भिक्षूलाच लिहिलं की माझं खोटं जरा सांभाळून घ्या! पत्र पेटीत टाकून घरी येईपर्यंत मला त्यातलं काही खटकलंही नाही. माणूस किती निर्ढावतो बघ.

न्हाणीघरात बसून मी काय विचार करत होते, ते लिहायचं टाळते आहे, हे मला कळतंय. मघाशी एक बाई लेकीचा झगा सैल करून घ्यायला आल्या, त्यांच्याशी मी गरजेपेक्षा चौपट बोलले.

मी विचार करत होते, बसू दे. तू गेल्यापासून मी नाही का बसले आईपाशी इतकी वर्षं? एकदा तूही बस ताटकळत.

झालं. लिहिलं.

तुला वाटेल, मग मी तुला बोलावलंच कशाला? बोलावलं तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे मात्र शपथेवर सांगते. (माझ्या शपथेला आता काय किंमत आहे म्हणा.) सकाळपासून मी आनंदात होते. आईला न्हाऊ घातलं, पांढरं पातळ नेसवलं. दुकानातून पांढऱ्या सुती दोऱ्याचं नवं रीळ आणलं. पाण्याचं भांडं घासून असं लख्ख केलं की मावशी म्हणाली, यात तोंड बघ आणि वेणी घाल. तुम्ही आलात. ह्यांनी तुमच्या पायांवर पाणी घातलं. मी पुढं येऊन वाकले, आणि तू मान वर न करता म्हणालास, "उपासिके, सुखी असा."

बरोबरच आहे तुझं. आम्ही तुला भंते म्हणायचं, तू आम्हाला उपासक-उपासिका म्हणायचं. मी काही खुळी नाही. पण सकाळपासून मी 'ताई' ऐकायला कान लावून बसले होते. लहानपणी तुला खारू म्हणून हाक मारली की स्वयंपाकघरातून "ताई, काय?" असं ओरडत यायचास, ते कुठंतरी तुझ्यात असेल असं वाटत होतं.

तेही मी गिळलं असतं. पण मग तू आईच्या खाटेजवळ गेलास.

तिचा उजवा हात आजारपणापासून उचलत नाही, हे तुला माहीत आहे. नर्सबाई रोज व्यायाम घेतात, "वर, आजी, अजून वर," आणि हात उशीच्या पुढं येत नाही. मी घास भरवते तर घास मोठा झाला. पाणी दिलं तर कोमट झालं. कूस बदलली तर "आपटतेस काय गं?" दिवसातून एकदा तरी मी स्वयंपाकघरात येऊन भिंतीशी भांडते. त्या बाईनं तू समोर उभा राहिल्यावर दोन्ही हात उचलले. दोन्ही! जोडले आणि कपाळाला लावले. मावशी रडायला लागली. ह्यांनी डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, मीही त्याच कारणानं पदर तोंडाला लावला आहे.

मग विनंतीची वेळ आली. तू समोर बसला होतास, आणि माझी नजर तुझ्या चीवरावर गेली. माझा धंदाच तो, कापड दिसलं की शिवण बघते. डाव्या खांद्याजवळ दोन तुकड्यांमधली शिवण उसवली होती आणि ती तू स्वतः शिवली होतीस. मी ओळखलं, कारण तो उलटा टाका मीच तुला शिकवलाय. तुझ्या दप्तराचा पट्टा तुटला होता तेव्हा, ओट्यावर बसून. जीभ बाहेर काढून शिवत होतास. टाका अजून लांबच पडतो तुझा. पहिल्या दोन विनंत्या मी त्या टाक्याकडे बघत केल्या. ते बघून तरी माझं मन विरघळायला हवं होतं. नाही विरघळलं. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

पहिली विनंती दुःख जावं म्हणून. दुसरी भय जावं म्हणून. तिसरी रोग जावा म्हणून. आजारी आईच्या उशाशी बसून मी नेमकी रोगाचीच गाळली.

दार उघडून आले तेव्हा थोरले भंते उठले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. "यजमानांना बरं वाटलं की पुन्हा येऊ," म्हणाले. तू जाताना ओसरीवर थांबलास आणि माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं होतं, हो ना? मी तेव्हा तुझ्या उपाशी पोटाचा विचार करत होते असं लिहायला मला आवडेल. मी ओल्या पायांचे ठसे पुसत होते.

काल सकाळी आईला सांगितलं. केस विंचरताना सांगितलं, म्हणजे ती माझ्याकडे बघत नव्हती. "आई, त्यानं नाही टाळलं. मी टाळलं. त्याला मागितल्याशिवाय म्हणता येत नाही आणि मी मागितलं नाही. तुझ्या बोलण्याचं त्याच्या मनात काही नाही." न्हाणीघर, नळ, आलेच, सगळं सांगितलं. हातांचंही सांगितलं. वेणी घालून झाली तरी ती तशीच पडून राहिली.

दुपारी माझ्या हातचा घास घेतला नाही. तोंड भिंतीकडे केलं आणि ह्यांना म्हणाली, "तुम्ही भरवा." हे बिचारे आयुष्यात पहिल्यांदा सासूला भरवत होते. निम्मं हनुवटीवर, निम्मं पातळावर. ती मुकाट्यानं जेवली. घास मोठा झाला, असं एकदाही म्हणाली नाही. मी दारातून बघत होते.

दिवे लागायच्या वेळी चादर बदलायला दोऱ्याखालून वाकून गेले. माझं मेलीचं दिवसभर त्या दोऱ्यापुढं वाकणं चाललंय, तेवढं तरी होतंय. तेव्हा बोलली.

"दोनदा म्हटलंस ना?"

"हो."

"मग एकदाच राहिलंय. रडतेस काय? लिही त्याला."

मी म्हटलं, या वेळी विनंती मावशी करेल, मला ते शोभायचं नाही. तर म्हणाली, "जिनं सोडलं तिनंच धरायचं. मावशीचा काय संबंध?" मग मी चादर खोचत असताना म्हणाली, "त्याला सांग, मी तेव्हा बोलले ते रागानं बोलले. आणि तो विसरला नसेल, हेही मी उगाच म्हणाले त्या नर्सबाईला. राग धरून ठेवायला तो काय तू आहेस?"

हे तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. आज सकाळी मात्र माझ्या हातचा घास घेतला, आणि तो मोठा झाला म्हणून सांगितलं.

आता शेवटचं एक, जे सोमवारी 'आई बरी आहे' या तीन शब्दांत मी गुंडाळलं होतं. डॉक्टर तेच औषध ठेवून गेले, कारण दुसरं काही देण्यासारखं उरलेलं नाही. दारात मला म्हणाले, भेटायचं कुणाला असेल तर लांबवू नका. तिचा रोग आता जायचा नाही. तिलाही ते ठाऊक आहे, मी सांगितलेलं नसलं तरी. तरी तिच्यासाठी ते मागायचं राहून गेलं, असं मला नको आहे. एवढं एकच मला तिला द्यायचं होतं आणि ते मी न्हाणीघरात बसून घालवलं.

म्हणून या. शनिवारी, रविवारी, कधीही. स्वयंपाक मी तुमच्या येण्याआधीच करून ठेवेन, आधी भिक्षा घ्या आणि मग पाठाला बसू. दोरा तोच आहे, भांड्यातलं पाणी मात्र रोज बदलते. सुई ओवून ठेवते, थोरल्या भंतेंना चालणार असेल तर खांद्याजवळची शिवण पक्की करून देईन. थोरल्या भंतेंना हे पत्र दाखवा. त्यांना आजारी पाडल्याबद्दल मला त्यांचीही क्षमा मागायची आहे.

आता परत भंते.

पत्रातून विनंती चालते की नाही, मला ठाऊक नाही. आपण घरी आल्यावर मी ती सगळ्यांसमोर पहिल्यापासून करीनच. पण तोवर ती माझ्याकडे अडकून राहायला नको.

आईचं दुःख जावं म्हणून मंगल पाठ म्हणावा, अशी विनंती मी शनिवारी केली आहे.

आईचं भय जावं म्हणून मंगल पाठ म्हणावा, अशीही विनंती मी शनिवारी केली आहे.

भंते, तिसऱ्यांदा विनंती करते. आईचा रोग जावा म्हणून मंगल पाठ म्हणावा.

आपली उपासिका,

आणि पत्र घडी करून ठेवताना फक्त एकदा, थोरल्या भंतेंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणता आलं तर,
तुझी ताई